निरोप नसलेली भेट

केवळराम शेंडे गेल्याचं मला ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. वर कुणीतरी टाकलेलं गुलाबाचं सुप्रभात, खाली बदल्यांची कुजबुज आणि मध्ये केवळभाऊंचा ओळखपत्रावरचा फोटो, त्याला मोबाइलवरच हार घातलेला. मी बघेपर्यंत अर्ध्या ऑफिसचे हात जोडूनही झाले होते. गॅसवर दूध ठेवलं होतं, ते उतू गेलं. मी त्या फोटोकडे बघत राहिले आणि मला भयंकर राग आला, तोही मुख्यतः त्या गुलाबाचा. माणूस गेल्याची बातमी कशी सांगावी याचा ज्यानं जन्मभर विचार केला, त्याची बातमी अशी यावी हे मला अजूनही पटलेलं नाही.

मी वनखात्यात लिपिक. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाकडच्या एका परिक्षेत्र कार्यालयात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली, तिथे केवळभाऊ वनपाल होते. आमच्याकडे धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, संपते तिथे जंगल सुरू होतं, मधे कुंपण-बिंपण काही नाही. लोक मोहफुलं वेचायला जातात, सरपणाला जातात, गुरं चारायला नेतात, आणि कधीमधी त्यातलं एखादं माणूस वाघाच्या तावडीत सापडतं. मग पंचनाम्याला माणसं असतात, पिंजरा लावायला असतात, चिडलेल्या गावासमोर उभं राहायला साहेब असतात. पण या सगळ्याच्या आधी कुणाला तरी त्या घरी जाऊन सांगावं लागतं. ते काम कुणाच्याच नावावर नव्हतं. साहेब बदलत गेले, तरी प्रत्येकाच्या तोंडी वाक्य एकच असे, ‘शेंडेंना पाठवा.’

उंच, किंचित पोक काढून चालणारे, कान चांगले मोठे, युनिफॉर्म कायम एक माप सैल. दिवसभर तोंडात खर्रा. जंगल राखणारा माणूस सुपारी-तंबाखूची प्लास्टिकची पुडी खिशात घेऊन फिरतो यावरून मी त्यांना रोज टोचून बोलत असे. ‘पुडी मी खिशातच ठेवतो बाई, झाडाले नाई चारत,’ असं त्यांचं उत्तर ठरलेलं. पण बीटवरून, म्हणजे जंगलातल्या गार्डच्या हद्दीतून, तसला फोन आला, की ते उठून अंगणातल्या नळावर जात, खर्रा थुंकून टाकत, खळखळून चुळा भरत आणि तोंड धूत. मेलेल्या माणसाचं नाव खर्ऱ्याच्या तोंडानं घेऊ नये, असा त्यांचा नियम होता. नळाचा आवाज झाला की ऑफिसातल्या गप्पा आपोआप थांबायच्या.

त्यांचे असे बरेच नियम होते. गाडी गावाच्या शिवेवर सोडायची आणि तिथून पायी जायचं, तेही हळूहळू. मला वाटायचं, हा माणूस मुद्दाम उशीर करतो, कोण कशाला घाई करेल असल्या कामाची. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं.

‘उशीर नाई करत, बाई,’ ते म्हणाले. ‘त्या घरच्या मानसाले मले दुरून पाहू देतो. मी तिथवर पोचेपर्यंत त्याचा जीव जराकसा तयार होते. गाडीनं दारात जाऊन उतरलो तं ते धक्का मारल्यावानी होते.’

‘आणि मग सांगता काय?’

‘पहिले खाली बसतो. जमिनीवर. उभ्यानं सांगतलं का ते हुकूम वाटते. मंग नाव घेतो, बापाच्या नावासकट, का दुसरा कोनी असन असा भरोसा राहू नये. अन् मंग मेला म्हनतो. लागलं हाय, सिरिअस हाय, असं काई नाई.’

‘इतकं कोरडं?’

त्यावर त्यांनी मला एका म्हातारीची गोष्ट सांगितली. तेव्हा ते नुकते वनरक्षक म्हणून लागले होते. गुरं चारणारा एक माणूस वाघानं मारला आणि त्याच्या आईला सांगायची पाळी यांच्यावर आली. यांची जीभ उचलेना. म्हणून म्हणाले, ‘माय, त्याले जरासं लागलं हाय, दवाखान्यात नेलं.’ म्हातारी लगबगीनं आत गेली. यांना वाटलं, पातळ बदलायला गेली असेल. तर आतून चुलीचा धूर यायला लागला. तिनं भात टाकला होता. पोरगा सकाळचा उपाशी आहे, दवाखान्यात कोण वाढणार त्याला, म्हणून. भात शिजेपर्यंत केवळभाऊ ओट्यावर बसून होते आणि आत जाऊन सांगायची त्यांची हिंमत झाली नाही. डबा फडक्यात बांधून म्हातारी यांच्याआधी रस्त्याला लागली, आणि मग त्या रस्त्यावर उभ्यानंच यांना खरं सांगावं लागलं. ‘तो डबा मंग मीच धरून होतो, बाई,’ एवढं बोलून ते खिशातली पुडी शोधायला लागले.

सांगून झालं की ते लगेच उठत नसत. कसा मेला, कुठे मेला, हे पहिले प्रश्न रडण्यातच जमा, त्यांचं उत्तर कुणी ऐकत नाही, असं ते म्हणत. ते थांबत ते त्याच्यानंतरच्या प्रश्नासाठी. ‘मंग बाई हळूच पुसते, त्याच्या पायात चप्पल होती का? त्यानं शिदोरी खाल्ली होती का? तिले तेवढंच पाह्यजे असते. ते मले सांगता आलं पाह्यजे का नाई?’ म्हणून ते आधी जंगलात जाऊन प्रेत स्वतःच्या डोळ्यांनी बघून येत आणि मगच घराकडे निघत. आम्ही बाकीचे फोटो बघायचंही टाळत होतो.

या गावांमधून एक रीत आहे. मयताचा निरोप घेऊन आलेल्या माणसाला पाणी विचारत नाहीत आणि तोही मागत नाही. अंगणातूनच तो परत फिरतो. केवळभाऊ भर एप्रिलच्या उन्हातून ऑफिसात परत यायचे, माठाजवळ जायचे आणि उभ्याउभ्या पाणी पीत राहायचे. मग माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत येऊन बसायचे. मी माझं रजिस्टर लिहीत राहत असे. बराच वेळ गेल्यावर ते म्हणत, ‘आंबा यंदा बरा दिसून राह्यला तिकडं.’ मी म्हणे, ‘हो का?’ एवढ्यावर आमचं भागत असे.

खात्यानं एकदा चंद्रपूरला ‘प्रभावी संवाद’ या विषयावर दिवसभराचं प्रशिक्षण ठेवलं होतं. साहेबांनी अर्थातच शेंडेंना पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, काय काय शिकवलं?

‘चेहरा हसरा ठेवा म्हने.’

‘मग?’

‘मंग काय, मी मांगच्या रांगेत बसून हसून पाह्यलं. बाजूचा गार्ड म्हने, भाऊ, तुमाले काई होऊन राह्यलं का?’

मी पोट धरून हसले. तेही हसले. पण ते लगेच गंभीर होऊन म्हणाले, ‘त्या मॅडम हुशार होत्या पन. त्या म्हनल्या, तुमी काय बोलले ते सोडा, समोरच्याजवळ काय पोचलं ते पाहा. हे माह्या कधी डोक्यात नाई आलं.’ दिवसभर ते त्याच विचारात होते. कुठल्याशा अर्जावर सही करतानाही त्यांनी मला ते वाक्य पुन्हा ऐकवलं.

त्यांची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापानं गेली होती. मूलबाळ नव्हतं. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. ऑफिसमागच्या क्वार्टरमध्ये एकटे राहायचे आणि मागच्या सांदवाडीत वांगी, टमाटर, वाल असं काहीबाही लावायचे. एका रविवारी सकाळी ती वांगी घेऊन ते माझ्या घरी आले. मी आंघोळीला गेले होते, आईला वाटत होतं मी बाजारात गेले आहे. आईनं दार उघडलं, दारात खाकी कपड्यातले केवळभाऊ. आईनं त्यांचं वर्णन आणि त्यांचं काम माझ्याकडून इतक्यांदा ऐकलं होतं की ओळख करून द्यायची गरजच पडली नाही. तिनं ‘माही पोरगी?’ एवढंच विचारलं आणि दारातच मटकन खाली बसली. मी ओल्या केसांनी बाहेर आले तर आई मला चाचपून बघायला लागली, आणि केवळभाऊ पिशवी छातीशी धरून पायरीखाली उभे. ‘वांगे हायेत जी,’ ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, ‘वांगेच हायेत.’

आम्ही पुढे बरेच दिवस यावर हसलो. आईही हसायची. पण केवळभाऊ पुन्हा आमच्या घरी आले नाहीत. भाजी ते ऑफिसातच आणून द्यायचे. मी किती वेळा म्हटलं असेल की या हो चहाला. ‘येतो न,’ म्हणायचे, आणि यायचे नाहीत. दिवाळीला सगळ्या स्टाफचं एकमेकांकडे फराळाला जाणं-येणं असे, त्यातही ते कुणाच्या घरी जात नसत, आणि खरं सांगायचं तर कुणी फारसा आग्रहही करत नसे.

वडटोल्याची गोष्ट त्याच्यानंतरची. जंगलाच्या पार कडेला तलावावर वसलेलं ते लहान गाव. तेव्हा तिथे मोबाइलचा टॉवर नव्हता. तिथला सुखदेव नावाचा माणूस पहाटे मोहफुलं वेचायला गेला. सोबतच्यांना वाघ दिसला, सगळे जीव घेऊन पळाले, आणि गावात आल्यावर लक्षात आलं की सुखदेव नाही. आमची माणसं शोधायला गेली, त्यांत केवळभाऊ होते. दुपारी सुखदेव सापडला तो एका झाडावर. ओरडून घसा बसलेला, पाय लचकलेला, पण धडधाकट जिवंत. बाकीचे त्याला धरून हळूहळू आणायला लागले. केवळभाऊंना राहवेना. इतक्या वर्षांत असा निरोप त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. त्यांनी एकाची मोटारसायकल घेतली आणि तडक सुखदेवच्या दारात जाऊन उतरले.

खर्रा थुंकला नाही, शिवेवर थांबले नाहीत, हळू चालले नाहीत. ते नुसते धावत अंगणात शिरले आणि त्यांना बघताच त्या घरानं हंबरडा फोडला. सुखदेवच्या बायकोनं, गिरजाबाईनं, दोन्ही हात ओट्यावर आपटले, बांगड्या फुटल्या, मनगटातून रक्त आलं. कुणा म्हातारीनं पुढे होऊन तिचं कुंकू पुसलं. केवळभाऊ ओरडत होते, ‘जिता हाय! सुखदेव जिता हाय!’ पण त्या आकांतात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. शेवटी त्यांनी ओरडणं सोडलं आणि ते खाली बसले. त्यांना खाली बसलेलं पाहून तर रडणं आणखी वाढलं.

थोड्या वेळानं सुखदेव दोघांच्या खांद्यावर हात टाकून स्वतःच दारात आला.

जरा वेळ सगळे वेड्यासारखे हसले-रडले. मग गिरजाबाईचं लक्ष आपल्या मोकळ्या हातांकडे गेलं. नवरा जिवंत असताना बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं, याच्याइतका अपशकुन त्यांच्या लेखी दुसरा नाही. ती उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, ‘शेंडेभाऊ, माह्या दारात तुमी पुन्हा याचं नाई. निरोप असो का नसो.’ कुणीही तिला गप्प केलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसले आणि मूलच्या बाजारातून हिरव्या बांगड्या आणून द्याल का, असं विचारलं. पुरुषमाणसानं कशा घ्यायच्या म्हणून मला सांगत होते. मी माप विचारलं.

‘माप नाई ठाऊक, बाई. मी तिचे हात आपटतानीच पाह्यले.’

शेवटी मी बोलले. ‘भाऊ, तुम्ही पाठवलेल्या बांगड्या ती घालणार नाही.’

‘हो जी,’ ते म्हणाले. ‘राहू द्या मंग.’ आणि थोड्या वेळानं, ‘चंद्रपूरच्या मॅडम बरोबर बोलल्या होत्या. मी जिता हाय म्हनून राह्यलो होतो अन् पोचून काय राह्यलं होतं, तं मेला. मी तोंड उघडाच्या पहिलेच पोचते ते. आता हे थोबाड कुठी नेऊ?’

त्यानंतर त्यांनी एक नवंच सुरू केलं. काही काम नसताना, काही झालेलं नसताना ते गावोगाव जायला लागले. पारावर बसायचं, पाऊसपाण्याच्या गोष्टी करायच्या आणि परत यायचं. दहा वेळा आपण उगीचच गेलो, की अकराव्या वेळी लोकांना आपल्याला बघून काही वाटणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. प्रत्यक्षात व्हायचं असं, की ते पारावर येऊन बसले की घराघरातून बायका बाहेर यायच्या. कुणाचा नवरा कुठे आहे, कुणाची सासू सरपणाला गेली आहे, याची विचारपूस सुरू व्हायची. मग कुणीतरी पुढे येऊन विचारायचं, ‘काऊन आले जी भाऊ?’

‘काई नाई. असाच आलो.’

यावर कुणाचाही विश्वास बसत नसे. एका गावात तर पोलीस पाटलानं त्यांना बाजूला नेऊन कानात विचारलं, कोण गेलं ते मला तरी सांगा. मला हे सांगताना केवळभाऊ हसत होते. मला मात्र त्या दिवशी हसू आलं नाही. पन्नाशी उलटलेला माणूस दुसऱ्याच्या गावात जाऊन बसतो आणि कुणी एक वेळ ‘या, चहा घ्या’ म्हणावं एवढ्याची वाट बघतो, हे मला फार लागलं.

रिटायर झाल्यावर त्यांनी वडटोल्यात जागा घेऊन घर बांधलं. आम्ही सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. मी तर भांडलेच. मूलमध्ये राहा, दवाखाना आहे, बाजार आहे, मी आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘जिथं लोक मले जास्त भेतात तिथंच राह्यलं पाह्यजे न, बाई. रोज दिसलो, पानी भरतानी दिसलो, लुंगीवर दिसलो, तं भेव मरन. एक दिवस कोनी तरी म्हनन, या भाऊ, बसा. तेवढं झालं का झालं माहं.’

मी त्यांना भेटायला गेले ते त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात. माझी बदली गडचिरोलीला झाली होती, जाणं जमत नव्हतं, म्हणून सुट्टी काढून मुद्दाम गेले. गावात आता टॉवर झाला होता. एस.टी.च्या थांब्यावरून दिसेल असं रस्त्याला लागूनच त्यांचं घर. समोर ऐसपैस ओटा. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला की चहात साखर घालायची राहून गेली. मी तसाच प्यायले. वांगी दाखवून झाली, ऑफिसातल्या प्रत्येकाची चौकशी करून झाली. लोक येतात का, असं मी विचारलं.

‘येतात न,’ म्हणत त्यांनी कपबशा बाजूला सारल्या.

मोहाचे दिवस होते. ऊन चढलं होतं, वेचायला गेलेली माणसं टोपल्या घेऊन परतायला लागली होती. माझ्यासाठी वांगी तोडायला म्हणून ते उठले, तेवढ्यात एक बाई अंगणात आली. हातभर हिरव्या बांगड्या, पदर घट्ट आवळून घेतलेला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

‘बसा भाऊ, उठू नोका,’ ती म्हणाली.

केवळभाऊ होते तसे खाली बसले. ती ओट्याच्या कडेला टेकली आणि रस्त्याकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं तीच बोलली, अर्धं मला, अर्धं स्वतःला. ‘आमचे हे आले नाई अजून. फोन लागून नाई राह्यला. भाऊ इथी बसून दिसले का बरं वाटते. भाऊ बसून हायेत म्हनजे काई झालं नाई.’

ती गिरजाबाई होती. केवळभाऊ आता वनपाल नाहीत, निरोप आणायला आता दुसरा माणूस आहे, शिवाय फोन आहे, हे तिला काय माहीत नव्हतं? पण गावानं आपलं ठरवून टाकलं होतं. शेंडेभाऊ ओट्यावर बसलेले आहेत तोवर वाईट निरोप निघालेला नाही. कुणाचं माणूस यायचं राहिलं की त्या घरची बाई इथे येऊन बसायची.

ती बसली होती तोवर केवळभाऊ हललेसुद्धा नाहीत. हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते. चहा विचारायलाही आत गेले नाहीत, कारण त्यासाठी उठावं लागलं असतं. मग रस्त्यावर सायकलची घंटी वाजली, सुखदेव टोपली बांधून येताना दिसला, आणि गिरजाबाई पदर सावरत निघून गेली. जाते म्हणाली नाही. मागे वळूनही पाहिलं नाही.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ‘येते ती,’ ते म्हणाले. ‘माह्या दारात येते.’ त्यांचे डोळे भरले होते, आणि ते आनंदानं की कशानं, हे मला तेव्हाही कळलं नाही.

माझ्या गाडीची वेळ झाली होती. ‘चला, थांब्यावर येतो,’ म्हणत त्यांनी चप्पल घातली आणि आम्ही रस्त्यावर आलो. चार घरं गेलो असू, तर एका दारात एक म्हातारी भिंत धरून उभी राहिली. तिचा चेहरा बघता बघता पांढरा पडला.

‘कुठी चालले जी, भाऊ?’ तिनं विचारलं. तिचा मुलगा अजून रानात होता.

केवळभाऊ जागीच थांबले.

‘कुठीच नाई, माय,’ ते म्हणाले. ‘घरीच हावो मी.’ मग माझ्या हातात वांग्यांची पिशवी दिली. ‘तुमी जा बाई. माह्यानं येनं नाई होत आज.’

मी एकटीच थांब्यावर गेले. गाडी आली, मला खिडकी मिळाली. गाडी वळताना त्यांचा ओटा दिसला. ते परत तिथे जाऊन बसले होते, अगदी कडेला, भर उन्हात, म्हातारीच्या दारातून दिसतील असे. मी हात हलवला. त्यांनी मला पाहिलं, पण हात वर केला नाही. ते नुसते बसून राहिले.